काटकर मॅडमची तहानलेली तुळस

काटकर मॅडमना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या बंद दाराशी मी फाइल छातीशी धरून उभी होते आणि आत एक बाई कुणाला तरी सोलून काढत होत्या. "लाज वाटती का जरा? त्या पलीकडच्याला बग, एका पेल्यावर चार दिस काढतोय. आन तू? सकाळी दिलं, दुपारी मान टाकली. राजाचा जावई लागून गेलास व्हय रं?" मी मनात म्हटलं, पोरांशी असं बोलणारी बाई आपली मार्गदर्शक होणार असेल तर पीएचडी गेली खड्ड्यात, आपण सांगलीची गाडी पकडावी. तेवढ्यात दार उघडलं. ठेंगणी, सावळी, भक्कम बाई, पदर कमरेला खोचलेला आणि हातात झारी. मागं खोलीत माणूस म्हणून कुणी नव्हतं, खिडकीत वांग्याची रोपं होती. "ये ये," त्या अगदी पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "तुला नाही, वांग्याला बोलत होते."

त्यांच्या दोन भाषा होत्या. वर्गात त्या अशा शुद्ध बोलायच्या की पहिल्या बाकावरची पोरं सावरून बसायची. झाडांशी, आईशी आणि फार खूश झाल्या तर आमच्याशी त्या माणदेशी बोलायच्या. म्हसवडच्या अलीकडं एका वस्तीवर त्यांचं माहेर. तिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत माणसं भांड्यांच्या रांगेत बसतात. मी पडले सांगलीजवळच्या माधवनगरची. कृष्णाकाठची माणसं म्हणजे त्यांच्या लेखी लाडावलेली. त्यांनी मला नावानं कधी हाक मारलीच नाही. मी "सांगली" होते. "ए सांगली, तुम्हा नदीकाठच्यांना तहान पुस्तकातूनच शिकवायला लागते," असं म्हणून त्या खदाखदा हसायच्या, आणि ते हसू खाली स्टाफरूमपर्यंत ऐकू जायचं.

तहान हाच त्यांच्या आयुष्यभराचा विषय. झाडाला पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी मुळांना कळतं. मग झाड एक रसायन तयार करतं आणि ते पानापानाला निरोप पोचवतं, की बाबांनो, दारं लावून घ्या, पाणी जपा. पानं आपली बारीक छिद्रं मिटून घेतात आणि झाड तग धरतं. पुस्तकात या रसायनाला संप्रेरक म्हणतात. मॅडम त्याला "सांगावा" म्हणायच्या. इथवरचं कुठल्याही बीएस्सीच्या पोराला ठाऊक असतं. मॅडमना वेड लावलं होतं ते पुढच्या गोष्टीनं. हेच रसायन माणसाच्या अंगातही थोडंथोडं तयार होतं, आणि सूज चढण्या-उतरण्यात त्याचा हात असावा असं निरनिराळ्या प्रयोगशाळांतून कानावर येत होतं. मॅडमचा प्रश्न साधा होता. तहानलेल्या झाडाच्या पानात सांगावा जास्त असतो. मग त्या पानाचा अर्क सूजही जास्त उतरवेल का?

हा प्रश्न त्यांना का चिकटला, ते त्यांनी मला सांगितलं नाही. मला त्यांच्या आईचे गुडघे बघितल्यावर कळलं. म्हातारीला जुना संधिवात. सकाळी उठताना गुडघे असे फुगलेले असायचे की उंबरा ओलांडायला दाराच्या चौकटीचा आधार लागायचा. मॅडम शनिवारी माहेरी जायच्या, सोमवारी परत यायच्या आणि त्या दिवशी वांग्याला जास्त शिव्या बसायच्या.

पण म्हणून कुणी अर्क मागायला आलं तर त्या एक थेंब देत नसत. विषयाचा बोभाटा झाल्यावर लोक यायचेच. कुणाची सासू, कुणाचा साडू, कुणाची पाठ, कुणाची टाच. मॅडम त्यांना चहा पाजायच्या, दुखणं नीट ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "अजून माहीत नाही." लोक आपल्या पदव्या ज्या तोऱ्यात सांगतात, त्या तोऱ्यात त्या हे तीन शब्द सांगायच्या. वर डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या तर माझ्याशी गाठ आहे, असा दम भरून बाटल्या रिकाम्या परत पाठवायच्या.

मी आले तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. त्या गेल्या की गच्चीवरचं हिरवं जाळीघर मोडून तिथं सौरपाट्या बसणार हे ठरलेलं होतं. सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजातल्या सरांनी अर्क उंदरांवर तपासून द्यायचं कबूल केलं होतं, पण एकदाच, आणि तेही उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. म्हणजे या वर्षात तहानलेली पानं हाताशी आली तर आली, नाहीतर मॅडमचा प्रश्न मॅडमबरोबर घरी जाणार होता. त्यांनी झाड निवडलं तुळस. भरभर वाढते, कुंडीत मावते, पानात अर्क भरपूर. शास्त्राच्या बाजूनं बघाल तर निवडीत नाव ठेवायला जागा नव्हती. मी हे फोनवर माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती नुसतं एवढंच म्हणाली, "तुळशीला? पाणी घालायचं नाही?" मी तिला म्हटलं, आई, तुला त्यातलं काही कळत नाही.

गच्चीवर कुंड्यांच्या दोन ओळी लागल्या. एक रोज पाणी पिणारी, एक तहानलेली. पाणी तोडल्यावर दुसऱ्या ओळीनं माना टाकायला हव्या होत्या. ती टाकेना. उलट अशी तरारली की पहिली ओळ तिच्यापुढं आजारी दिसावी. मॅडमनी कुंडीत बोट खुपसलं, मातीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "सांगली, ही माती ओली आहे." आम्ही दवाला दोष दिला, वरच्या टाकीला दिला. एके सकाळी लवकर येऊन जिन्यात दबा धरून बसलो तेव्हा खरा प्रकार कळला. झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या, केरसुणी ठेवली, बाटलीतलं पाणी ओतलं, नमस्कार करून गेल्या. त्यांच्यामागून ऑफिसातल्या दोघी. त्यांच्यामागून इतिहासाच्या मॅडम, पर्समधून चक्क चांदीची लोटी काढत. प्रत्येकीला वाटत होतं की या बिचाऱ्या ओळीकडं आपल्याशिवाय कुणाचंच लक्ष नाही.

मॅडमनी पाटी लावली, "प्रयोग चालू आहे, या ओळीला पाणी घालू नये." पाटीचा उपयोग इतकाच झाला की उपाशी ओळ कुठली हे लांबून ओळखू यायला लागलं आणि ज्यांना आजवर ठाऊक नव्हतं तेही घालू लागले. मग पहाऱ्यावर बसवले कॉलेजचे वॉचमन जाधवमामा. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, मिशांना पीळ, शब्दाला पक्के. जिन्याला कुलूप आणि किल्ली त्यांच्या कमरेला. तरीही माती ओलीच. मॅडमनी विचारलं तेव्हा मामा सावधानमध्ये उभे राहिले. "मॅडम, तुमची आर्डर बराबर हाय," ते म्हणाले. "पन आंगुळ करून तुळशीम्होरनं मोकळ्या हातानं कसं जायाचं, ते तुमीच सांगा."

त्यात दिवाळी झाली आणि तुळशीची लग्नं आली. आम्ही सकाळी गच्चीवर जातो तो काय, दुसऱ्या ओळीतल्या त्यातल्या त्यात सुकलेल्या रोपाला उसाचा मांडव, हिरव्या बांगड्या, कुंकू, बुडाशी चिंच-आवळे आणि कुंडीत तळं. मामांनी आदल्या संध्याकाळी आमच्या माघारी विभागातल्या सगळ्यांना गोळा करून रीतसर मंगलाष्टकं म्हटली होती. आमच्या प्रयोगाचं वऱ्हाड जेवून गेलं होतं. मला रडू आलं. मॅडम कमरेवर हात ठेवून त्या नवरीकडं बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या की त्यांना खाली बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, सासरी गेली की ही. आता तिला उपाशी कसं ठेवायचं?" आणि लग्नाचा प्रसाद म्हणून ठेवलेले चुरमुरे त्यांनी तिथंच फस्त केले.

हसून झाल्यावर मात्र त्या गंभीर झाल्या. अर्धं वर्ष संपलं होतं. नवं बी पेरायचं, तर रोपं तयार व्हायला शिमगा येणार, म्हणजे चुकायला जागाच नाही. साताऱ्यात तर तुळस तहानलेली राहणं शक्य दिसत नव्हतं. दोन दिवस त्यांनी वांग्यालासुद्धा काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी टेबलावर थाप मारून म्हणाल्या, "माझ्या माहेरी न्यायची. जिथं प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथं झाडाला कोण घालतंय?" यात खोट काढायला मलाही काही सुचलं नाही.

नव्या रोपांच्या कुंड्या टेम्पोत चढवून, दहिवडीवरून, खडखडत आम्ही वस्तीवर पोचलो. मॅडमची आई दारात खुर्ची टाकून बसली होती. वाळकी म्हातारी, डोळे मात्र लेकीसारखेच मिश्कील. धाकटा लेक फौजेत, सून-नातवंडं त्याच्याबरोबर, त्यामुळं घरात एकटीच. मी तिथंच मुक्काम टाकायचा, कुंड्यांची मोजमापं घ्यायची आणि मॅडमनी शनिवारी यायचं असं ठरलं. मॅडमनी आईला सगळं समजावून सांगितलं, सांगावा, पानांची दारं, सूज, सगळं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी एका पंगतीत एकीला वाडायचं आन शेजारचीचं ताट रिकामं ठिवायचं? आसली कसली गं तुजी पंगत?" मॅडमनी नुसतं "आये, घालू नगंस बरं का," असं बजावलं आणि त्या गाडीला गेल्या.

पहिल्याच शनिवारी त्यांनी कुंडीत बोट खुपसलं आणि माझ्याकडं बघितलं. माती ओली होती. मी शपथेवर सांगितलं की माझी नजर हटलेली नाही. म्हातारीनं काही लपवलं नाही. मी उठायच्या आत, पहाटे, ती आपल्या प्यायच्या तांब्यातलं अर्धं पाणी त्या ओळीला घालत होती. टँकरचं, मोजून भरलेलं, स्वतःच्या वाटणीचं. मॅडमना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझी नोकरी संपत आली, ही शेवटची खेप आहे, हे गेलं तर सगळं गेलं, असं त्या अंगणात उभ्या राहून भडाभडा बोलल्या. म्हातारीनं बोलू दिलं. मग म्हणाली, "तुजं खरं आसंल, बाई. पन तहान बगून गप बसायचं आमाला न्हाई जमत. लय बगितलीया आमी."

दुसऱ्या दिवशी मॅडम संध्याकाळपर्यंत ओट्यावर पाय सोडून बसून होत्या. मी समोर भाकरीचं पीठ मळत होते आणि मनातल्या मनात घरी काय सांगायचं ते जुळवत होते. म्हातारी देवाजवळ दिवा लावून बाहेर आली. रविवार होता, म्हणून तिनं मला सांगितलं की उद्या माझ्यासाठी भाकरी टाकू नकोस, माझा सोमवार असतो. मॅडमनी मान वर केली.

"आये," त्या हळूच म्हणाल्या, "उद्या मी तुला बळंच भाकरी खायला घातली तर?"

"पाप लागंल की तुला. दुसऱ्याचा उपास मोडू न्हाई."

"मग ह्या वळीचा उपास हाय म्हन."

म्हातारी तुळशींकडं बघत राहिली. मी पिठातला हात तसाच धरून बसले. अखेर तिनं विचारलं, "कवापतुर?" मॅडम म्हणाल्या, पानं खुडेपर्यंत. म्हातारीनं त्या ओळीला हात जोडले आणि विषय संपला.

रात्री मी मॅडमना म्हटलं, तुम्ही तर उपासतापास मानत नाही, एकादशीला मिसळ खाता, मग आजींना हे खोटं कसं सांगितलंत? त्या म्हणाल्या, "खोटं कुठंय? उपास म्हणजे काय? पाणी असताना न पिणं. मी तेच तर करवून घेते आहे. फक्त तिच्या भाषेत सांगितलं." मग म्हणाल्या, "आधीच सांगायला हवं होतं. गच्चीवरसुद्धा."

त्या दिवसापासून आमच्या प्रयोगाला असा राखणदार मिळाला की ज्याचं नाव ते. शेजारपाजारच्या बाया लोटी घेऊन आल्या की म्हातारी खुर्चीतूनच हात वर करायची, "आगं थांब, तिचा उपास हाय," आणि बाया लोटीसकट माघारी फिरायच्या. एकीलाही का म्हणून विचारावंसं वाटलं नाही. शेजारच्या ओळीला घालून जायच्या आणि उपाशी ओळीला नुसता नमस्कार करायच्या. पानं हळूहळू मलूल झाली, कडा वळल्या, वास मात्र इतका उग्र सुटला की अंगणात पाय ठेवताच जाणवावा. मॅडम फोनवर रोज विचारायच्या, "मान टाकली का?" आणि मी हो म्हटलं की पलीकडून "शाब्बास रं माझ्या वाघा," असं झाडासाठी ऐकू यायचं.

सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला म्हातारीचं ताट दिसलंच नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, ती दिवसभर चहावर असायची आणि संध्याकाळी मूठभर शेंगदाणे खायची. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला भूक कमी असते. एका सकाळी तिला उंबरा ओलांडता येईना. गुडघे कणकेच्या गोळ्यासारखे फुगले होते. मी गोळ्यांची पाकिटं काढून बघितली, तर मधल्या दिवसांतली एकही गोळी कमी झाली नव्हती. मी विचारलं तर शांतपणे म्हणाली, "आगं, दारची लक्ष्मी उपाशी, आन मी जेवू? आन गोळी तर जेवल्याबिगर घ्यायची न्हाई म्हनलाय डाक्टर."

मी मॅडमना फोन केला. त्या मिळेल त्या एसटीनं निघून आल्या. येताच त्यांनी आईचे गुडघे बघितले, मग कुंड्यांकडं बघितलं. पानं खुडायची वेळ अजून झाली नव्हती. सांगावा पुरता चढायला अजून काही दिवस जायला हवे होते. आत्ता खुडली तर हाती धड काहीच लागणार नव्हतं, आणि पाणी घातलं तर सगळा खेळ खलास. मॅडम झारी घेऊन उभ्या राहिल्या. मला दिसत होतं, त्या पाणी घालणार होत्या. आईच्या गुडघ्यापुढं प्रयोगाचं मोल काय, हा प्रश्नच त्यांच्या मनात नव्हता. त्यांनी झारी वाकडी केली तेवढ्यात म्हातारी ओरडली, "मोडू नगंस. पाप लागंल."

मॅडमनी झारी खाली ठेवली. आईच्या पायाशी बसल्या. "आये," त्या म्हणाल्या, "आईचा उपास लेकीनं धरला तर आईला सुटतो का?"

म्हातारीनं विचार केला. तिच्या सासूच्या दुखण्यात तिनं सासूचा चतुर्थीचा उपास पुढं चालवला होता, तेव्हा चालत असावं, असं तिचं मत पडलं. "पन तुला झेपंल व्हय? तू तर खादाड."

"झेपंल."

आणि त्याच पावली काटकर मॅडमनी, ज्यांनी जन्मात एक उपास धरला नव्हता, तुळशीचा उपास धरला. म्हातारीनं त्यांच्या कपाळाला तुळशीबुडची कोरडी माती लावली. मग मी कालवण-भाकरी वाढली, ती म्हातारी पोटभर जेवली आणि तिनं गोळी घेतली. मॅडम समोर बसून ती गिळेपर्यंत बघत होत्या.

पुढचे दिवस साताऱ्यात काय झालं ते मला जाधवमामांनी रंगवून सांगितलं. मॅडम दिवसभर चहावर, संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. डब्याची वेळ झाली की स्टाफरूममधून उठून गच्चीवर जायच्या, कारण भूगोलाच्या सरांच्या डब्यात रोज काहीतरी तळलेलं असायचं. मामांनी भर दुपारी केळी आणून दिली, त्या केळ्यांकडं मॅडमनी अशा प्रेमानं बघितलं म्हणे की मामा पाठ करून उभे राहिले, पण दिवस मावळायच्या आत त्यांनी एकालाही हात लावला नाही. वर्गात फळ्यावर झाडाचं चित्र काढून त्या म्हणाल्या, "आत्ता माझं रक्त तपासा, सांगावा बक्कळ सापडेल." पोरांना काही कळलं नाही, पण मॅडम हसल्या म्हणून तीही हसली.

मी फोनवर एकदा म्हटलं, मॅडम, तुम्ही साताऱ्यात, आजी इथं. दुपारी दोन घास खाल्ले तर कुणाला कळणार आहे? त्या म्हणाल्या, "सांगली, ती जेवते ती माझ्या शब्दावर. आणि तू पाण्याचं मोजमाप कधी अंदाजानं लिहितेस का? नाही ना. मग?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तहानलेल्या ओळीला पाणी न देता सांभाळायला बसलेल्या मला मात्र रोज दुपारी जेवताना घास जड जायचा.

शेवटी तो दिवस उजाडला. मॅडम उन्हं चढायच्या आत आल्या. दोन्ही ओळींची पानं खुडली, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून बर्फाच्या डब्यात ठेवली. पिशव्यांवर नुसत्या खुणा केल्या, म्हणजे सांगलीच्या सरांना तहानलेली कुठली आणि सुखातली कुठली हे कळू नये. मग म्हातारीनं उपाशी ओळीला पाणी घातलं. घागर मी धरली होती, कारण तिला ती उचलवत नव्हती, पण तांब्या तिचाच. माती पाणी पिते तेव्हा बारीक चुरचुर आवाज येतो. तो ऐकत मॅडम पहिली भाकरी खात होत्या, हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठेचा तिखट होता, पण इतका नव्हता.

डबा घेऊन मी सांगलीला गेले. अर्क तयार झाले, तपासणी झाली आणि मग मी सरांना खुणा उलगडून सांगितल्या. सुजलेल्या पंजांवर दोन्ही अर्कांनी काम केलं होतं, पण तहानलेल्या पानांच्या अर्कानं सूज ठळकपणे जास्त उतरली होती. त्या पानांत सांगावाही जास्त भरला होता. मी सरांच्या खोलीतूनच मॅडमना फोन लावला. पलीकडून वर्गातल्या भाषेत प्रश्न आला, "तहानेत पानात बाकीही दहा रसायनं वाढतात. सूज सांगाव्यानंच उतरवली, की दुसऱ्या कुणी?" मी म्हटलं, अजून माहीत नाही. "शाब्बास," मॅडम म्हणाल्या, आणि मग दुसऱ्या भाषेत एवढ्यांदा हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला.

निवृत्तीचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, गच्चीवरचं जाळीघर मोडलं गेलं. जाधवमामांनी कडक सॅल्यूट ठोकला. मॅडमनी माहेरी वस्तीवर राहायला जायचं ठरवलं, आईजवळ. त्यांना पोचवायला मीही गेले, कारण मला सांगलीजवळच्या एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं होतं आणि आता आमच्या वाटा वेगळ्या होणार होत्या. अंगणात दोन्ही ओळी उभ्या होत्या. उपाशी ओळ उपास सुटल्यावर अशी फुटली होती की प्रत्येक शेंड्याला मंजिरी.

चहा झाल्यावर मॅडमनी आईला सगळं सांगितलं. उंदरांचे पंजे, उतरलेली सूज, सगळं. म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं लुगडं जरा वर घेतलं, दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले आणि विचारलं, "मग ह्यास्नी गुन कवा यील?"

मी मॅडमकडं बघितलं. ज्या बाईनं साडू-सासवांना "अजून माहीत नाही" सांगून वाटेला लावलं होतं, तिला इथं ते शब्द उच्चारता येत नव्हते. त्या आईजवळ सरकल्या, तिचा एक पाय आपल्या मांडीवर घेतला आणि गुडघा हलकेच चेपत राहिल्या.

"आये, उंदराचा पाय येगळा, मानसाचा येगळा," त्या म्हणाल्या. "मधी लय वाट हाय. तुज्या गुडघ्याला न्हाई व्हायचं हे. माज्याबी न्हाई."

मला वाटलं, आता तिला वाईट वाटणार. पण तिनं लेकीच्या डोक्यावर टपली मारली. "मग येवढा उपास कुनासाटनं केला गं?"

मॅडमनी हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. "हिच्या गुडघ्यासाटनं."

मला तेव्हा तिशीही लागली नव्हती. वस्तीच्या टेकाडावर पळत चढून जाईन असे माझे गुडघे. तरी मला भर अंगणात हुंदका फुटला आणि मी तो लपवला नाही. म्हातारीनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं, एखादी गाय घ्यायची आहे अशा बारकाईनं, आणि तिचं समाधान झालेलं दिसलं.

"चांगलं हायती की अजून. लय येळ हाय," ती म्हणाली. "मग बगताय काय? बी धरा."

मॅडमनी सुपं आणली. उपाशी ओळीच्या मंजिऱ्या खुडून आम्ही तिघी सावलीला बसलो आणि ऊन पुरतं उतरेपर्यंत बी चोळत राहिलो.